देवघरासाठी लाकडी विठ्ठल-रखुमाई करून घ्यायचे आहेत : लाकूड, कारागीर, पूजा, सगळंच विचारायचंय

निरांजन | पुणे

नवीन घरात देवघरासाठी भिंतीतला कोनाडा मिळाला आहे, दोन फूट उंच आणि फूटभर खोल. पूजेत सध्या पितळेचा बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शाळिग्राम आणि सासरचे चांदीचे टाक आहेत, ते राहणारच. त्यांच्या मागे लाकडात कोरलेली विठ्ठल-रखुमाईची जोडी उभी करावी असं मनात आहे. रंग नको, लाकूड लाकडासारखंच दिसू दे.

ऑनलाइन शोधलं तर ढिगाने मूर्ती आहेत. सगळ्यांखाली 'हँडमेड' लिहिलेलं आणि चार वेगळ्या दुकानांत तोच फोटो. एका दुकानात 'शुद्ध चंदन' म्हणून जे पुढे ठेवलं ते इतकं स्वस्त होतं की तिथेच शंका आली.

घरात दोन पक्ष पडलेत. सासूबाई म्हणतात, ज्या देवाला आंघोळ घालता येत नाही त्याची पूजा कसली? नवरा म्हणतो, पुण्याच्या उन्हाळ्यात तडा गेला की आईच पहिली म्हणेल, खंडित मूर्ती घरात नको.

लाकूड कुठलं, कोरणारं कोण, हातकाम ओळखायचं कसं, रोजचं कसं करायचं, जे माहीत असेल ते सांगा. सावंतवाडीला चितारआळीत जाऊन ये, असं एका मैत्रिणीने सुचवलंय.

वऱ्हाडी_ठेचा | अकोला

रुमाल टाकून ठेवतो. आमच्या घरी बी हाच वाद होऊन राह्यला, फक्त मारुतीवरून.

पंचपात्र | वाई

निरांजनताई, सासूबाईंना आधी हे वाचून दाखवा. भागवताच्या अकराव्या स्कंधात, सत्ताविसाव्या अध्यायात, श्रीकृष्ण उद्धवाला पूजाविधी सांगताना मूर्तीचे आठ प्रकार मोजतात :

शैली दारुमयी लौही लेप्या लेख्या च सैकती ।
मनोमयी मणिमयी प्रतिमाष्टविधा स्मृता ॥

दगडाच्या पाठोपाठ लाकूडच येतं, धातू त्यानंतर. आणि आंघोळीचा निकालही दोनच श्लोक पुढे आहे : 'स्नपनं त्वविलेप्यायामन्यत्र परिमार्जनम्'. लेपाच्या किंवा रंगवलेल्या मूर्तीला स्नान नाही, पुसून घेणं हेच तिचं स्नान. लाकडी मूर्तीलाही हाच नियम लावण्याची रीत आहे. तुमच्याकडे बाळकृष्ण आणि शाळिग्राम आहेतच. अभिषेक त्यांना करा, मागच्या जोडीला कोरड्या मऊ वस्त्राने पुसा, फूल-तुळस वाहा. मोठ्या देवळांतही मुख्य मूर्ती आणि अभिषेकाची मूर्ती वेगळी ठेवतातच की.

आता मापाचं. कोनाडा दोन फुटांचा आहे म्हणून मूर्ती दीड फुटाची नको. घरातल्या पूजेची मूर्ती अंगठ्याच्या पेरापासून वितीपर्यंत असावी, त्याहून मोठी नको, असं मत्स्यपुराण सांगतं. वीत म्हणजे बारा अंगुळं, आपल्या हिशोबाने नऊ इंच. मोठी हवी असेल तर दिवाणखान्यात ठेवा, तिला रोजच्या पूजेचं बंधन नाही.

कुठल्या झाडाचं लाकूड, यावर वराहमिहिराच्या बृहत्संहितेत 'वनसंप्रवेश' नावाचा अख्खा अध्याय आहे. देवदार, चंदन, शमी, मोह, खैर, बेल अशी झाडं वर्णांप्रमाणे वाटून दिली आहेत. ती वाटणी आज कोणी पाळू नये हे वेगळं सांगायला नको. पण त्यातला टाळायच्या झाडांचा भाग वाचण्यासारखा आहे : स्मशानातलं, रस्त्याकडेचं, देवळाच्या आवारातलं, वारुळावरचं झाड मूर्तीसाठी घेऊ नये.

सरळमार्गी | ठाणे

पंचपात्र, मग पुरीच्या जगन्नाथाला 108 घागरींनी आंघोळ घालतात ती कशी चालते? तोही लाकडाचाच. शास्त्र घरच्यांसाठी एक आणि पुरीसाठी एक?

कटकवारी | सध्या भुवनेश्वर

नोकरीमुळे इथे आहे, म्हणून मीच उत्तर देतो. ज्येष्ठी पौर्णिमेला स्नानमंडपावर 108 घागरींनी स्नान होतं हे खरं. पण त्यानंतर काय होतं तेही बघा. देवाला ताप आला म्हणून पंधरा दिवस दर्शन बंद. या काळाला इथे अणसर म्हणतात. आत दइतापती सेवक देवाला औषधी तेल लावतात, धुपलेले रंग नव्याने चढवले जातात. शंखाची पूड, हिंगूळ, हरताळ, काजळी असे सगळे जुने रंग. मग रथयात्रेच्या तोंडावर नवयौवन दर्शन. थोडक्यात, लाकडाला पाणी घातलं की दुरुस्ती करावी लागते हे पुरीने उत्सवातच बसवून टाकलंय. तुमच्या घरी पंधरा दिवस देवघर बंद ठेवून रंगकाम करणारे सेवक असतील तर खुशाल अभिषेक करा.

आणि तरीही ती मूर्ती कायमची नाहीच. ज्या वर्षी अधिक आषाढ येतो त्या वर्षी नवकलेवर होतं, म्हणजे मूर्ती नव्याने घडवतात. मागच्या वेळी 1996 आणि 2015. जगन्नाथ, बलभद्र, सुभद्रा आणि सुदर्शन, चौघांसाठी चार वेगळे कडुनिंब शोधतात. शोध घेणारे आधी काकटपूरच्या मंगलादेवीकडे जाऊन कौल मागतात. जुन्या मूर्ती देवळाच्याच आवारात, कोइली वैकुंठ नावाच्या जागेत पुरतात.

पंचपात्रांच्या यादीवर एक गंमत : जगन्नाथाच्या झाडाजवळ वारूळ हवं, मुळाशी सापाचं बीळ हवं, स्मशान आणि पाणी जवळ हवं, ही इथे शुभलक्षणं मानतात. बृहत्संहितेच्या बरोब्बर उलट!

पंचपात्र | वाई

उलट आहे खरं. जगन्नाथ मुळात शबरांचा देव, विश्वावसूने जंगलात पुजलेला, अशी कथा तुमच्याकडेच सांगतात ना? तिथे वराहमिहिराला कोण विचारतो!

बांद्याची_बाय | सावंतवाडी तालुका

निरांजन, चितारआळीत जरूर ये, पण विठ्ठल कोरून मिळेल म्हणून येऊ नको. खोटा कशाक बोलू? आमच्याकडचं प्रसिद्ध काम म्हणजे लाकडी फळं, खेळणी, पाट, चौरंग, पाळणे. बराचसा आकार लेथवर फिरवून काढायचा आणि मग खरी करामत रंगात. पूर्वी हे पांगाऱ्याच्या लाकडात व्हायचं. वजनाला हलकं, पटाशीखाली लोण्यासारखं मऊ, पण उघडं ठेवलं की किडीला आमंत्रण. म्हणून वरून अस्तर आणि रंग असतोच. तुला रंग नको आहे, तिथेच आमचा नाद सुटला!

देव हवेत तर राजवाड्यात गंजिफा, म्हणजे जुन्या खेळातले पत्ते, बघ. दशावतारी गंजिफ्याच्या गोल पानांवर मत्स्यापासून कल्कीपर्यंत सगळे हाताने रंगवलेले असतात. सावंत-भोसले घराण्याने ही कला बुडताना वाचवली. आणि कोरलेला लाकडी देव आमच्याकडचा बघायचाच असेल तर रात्री दशावताराला बस. आडदशावतारात, म्हणजे नाटकाच्या सुरुवातीच्या भागात, पहिल्यांदा गणपती येतो, त्याचा मुखवटा लाकडाचा. मंडळी पेटाऱ्यासकट त्याची पूजा करतात.

निरांजन | पुणे

बाय, बरं झालं आधी सांगितलंस. तरी येणार आहे, फळांची परडी तर घ्यायचीच आहे.

पंचपात्रकाका, सासूबाईंनी श्लोक दोनदा वाचून घेतला. 'परिमार्जन' पटलेलं दिसतंय, कारण नंतर कुठल्या कपड्याने पुसायचं हे विचारत होत्या.

पटाशी | नाशिक

उशिरा आलो. धंद्याने सुतार नाही, पण सुट्टीचे दिवस लाकूड कोरण्यात जातात. लाकडाच्या जातीवर येण्याआधी, ते वाळलंय का हे विचारा. तड्याचं मूळ नव्वद वेळा तिथेच असतं.

ओलं लाकूड आटतं, पण सगळ्या बाजूंनी सारखं नाही. वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने जितकं आटतं, त्याच्या साधारण निम्मं मध्यापासून सालीच्या दिशेने आटतं. त्यामुळे अख्खा गोल ओंडका घेतला, मधला गाभा आतच ठेवला आणि मूर्ती कोरली, तर ती कुठेतरी उभी फाटणारच. देवाचा कोप नाही, हिशोब आहे. उपाय असा की ओंडका चिरून, मधला बिंदू टाळून ठोकळा काढायचा. मूर्ती हातात घेतली की आधी उलटी करून तळ बघा. वर्तुळांचं केंद्र तळावर दिसलं तर परत ठेवून द्या, मग समोरून चेहरा कितीही गोड असो. मोठ्या मूर्तींची पाठ कधीकधी आतून पोकळ केलेली दिसते. लोकांना ती लबाडी वाटते, पण ताण कमी व्हावा म्हणून जाणता कारागीर मुद्दाम तसं करतो.

उघड्या हवेत वाळवायचं तर जाडीच्या दर इंचाला वर्ष, असा जुना हिशोब आहे. नऊ इंचाच्या मूर्तीला ठोकळा साडेतीन-चार इंच जाड लागेल, म्हणजे तुम्हीच गणित करा. भट्टीत वाळवलेलं असेल तर लवकर होतं. ओलावा मोजायचं दोन पिनांचं यंत्र मिळतं. पुण्यासाठी 10 ते 12 टक्के ठीक. कोकणातून पावसाळ्यात तयार झालेली मूर्ती आणून थेट एप्रिलच्या पुण्यात ठेवली तर ती कुरकुरणारच. आणल्यावर काही आठवडे कागदात गुंडाळून कपाटात ठेवा, सावकाश सवय होऊ द्या.

आता लाकडं. सागवान टिकाऊ, अंगचं तेल असल्याने वाळवी सहसा जात नाही, पण रेषा भरड, त्यामुळे लहान मूर्तीच्या डोळ्या-ओठांत बारकावा येत नाही. शिसव जड, काळसर, सुरेख, पण हत्यारं बोथट करतं आणि महाग. कडुनिंब पवित्र आणि कडू, पण त्याच्या रेषा एकमेकांत गुंतलेल्या असतात आणि वाळताना फुटायची खोड आहे. पुरीला चालतं कारण वरून कापडाचे थर आणि रंग असतात. फणसाचं लाकूड मला फार आवडतं, कापल्यावर हळदीसारखं पिवळं आणि वर्षं जातील तसं तपकिरी होत जातं. केरळात आणि तुळुनाडूत देवी-भूतांच्या मूर्तींना तेच वापरतात. कोडुंगल्लूरची भगवती फणसाच्या लाकडाचीच. पण तुमच्या कामाला माझं मत शिवणीच्या लाकडाला. फिकट, हलकं, कोरायला मऊ आणि वाळल्यावर फारसं हलत नाही. बारीक काम बरं धरतं.

आणखी एक. विठ्ठल हा लाकडाला फार सोयीचा देव आहे. लाकडाची ताकद उभ्या रेषांत असते, आडवा बारीक तुकडा पटकन मोडतो. म्हणून कृष्णाची बासरी, नटराजाचा उचललेला पाय, गणपतीचा परशू हे आधी जातात. चांगला कारागीर बासरी वेगळ्या काडीची करून बसवतो. विठ्ठलाचे पाय विटेवर समचरण, अंग सरळ, टोप सरळ, मकरकुंडलं खांद्यावर टेकलेली. नाजूक जागा एकच, कोपर. हात आणि कंबर यांच्यातली फट आरपार काढली की कोपराशी आडवं लाकूड उरतं. नऊ इंचाच्या मूर्तीत ती फट आरपार नको, नुसती खोल सावली पडेल इतकीच कोरा, असं आधीच सांगून ठेवा. रखुमाईचेही हात कमरेवर, तिलाही तेच.

सरळमार्गी | ठाणे

लाकूड पाण्याने खराब होतं म्हणताय, मग कांचीपुरमचे अत्ति वरदर? चाळीस-चाळीस वर्षं तळ्यात बुडवलेले असतात.

पटाशी | नाशिक

तुम्ही मुद्दे बरोबर काढता, मानलं. उंबराच्या लाकडाची, नऊ फुटांहून उंच मूर्ती. 1939, 1979 आणि मग 2019, अशी बाहेर काढली. 2019 मध्ये 48 दिवस दर्शन होतं, जुलैभर शयनमूर्ती आणि नंतर उभी. पण लाकूड कुजवते ती बुरशी, आणि बुरशीला ओलावा आणि हवा दोन्ही लागतात. पूर्ण बुडालेल्या लाकडाला हवा मिळत नाही म्हणून ते टिकतं. विहिरीच्या तळाशी, पाण्याखाली बसवलेली जुनी लाकडी गोल चाकंही अशीच टिकलेली दिसतात. घात होतो तो ओलं-कोरडं, ओलं-कोरडं करण्याने. म्हणजे नेमकं रोजच्या अभिषेकाने.

सिरसीकर | उत्तर कन्नड

शिवणीचं नाव निघालं म्हणून लिहितो. आमच्या भागात शिरसी, सिद्दापूर, सागर, सोरब, कुमठा या पट्ट्यात गुडिगार समाज आहे, पिढ्यान् पिढ्या कोरीव काम करणारा. पोर्तुगीज काळात पूर्वज गोव्यातून इकडे आले असं ते सांगतात, आणि घरात बरेच जण कोंकणीच बोलतात. पूर्वी काम चंदन आणि हस्तिदंतात. हस्तिदंत कायद्याने बंद झालं, चंदन आवाक्याबाहेर गेलं. आता बराच भर शिवणीवर. लग्नातली बाशिंगं आणि बेंडाची फुलंही हेच लोक करतात.

चंदनाचं थोडं सांगतो, कारण फसवणूक तिथेच जास्त. कर्नाटकात 2001 च्या कायदादुरुस्तीपर्यंत चंदनाचं झाड तुमच्या परसात उगवलं तरी मालकी सरकारची असे. आता मालकी शेतकऱ्याची, पण तोड-वाहतुकीला परवानगी लागतेच. त्यामुळे खरं चंदन वजनावर, कागदपत्रांसह, सरकारी एम्पोरियममध्ये किंवा ओळखीच्या कारागिराकडेच घ्यावं. वास सुगंधी गाभ्याला असतो, बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला नाही. बाजारात भलत्याच फिकट लाकडाला अत्तर चोपडून विकतात. दुकानदाराला म्हणा, तळाशी नखभर खरवडून दाखव. खऱ्या चंदनाचा वास खरवडल्यावर वाढतो, अत्तराचा वास वरच्या थराबरोबर जातो. खरवडू देत नसेल तर नमस्कार करून निघा.

कारागिराकडे जाताना विठ्ठलाचे फोटो घेऊन जा, समोरून आणि दोन्ही बाजूंनी. इकडच्या हाताला गणपती, सरस्वती, वेणुगोपाल यांची सवय आहे. विठ्ठल सांगितला की काही जण नकळत त्याला तिरुपतीचा बालाजी करून टाकतात. टोपाचा आकार, कमरेवरचे हात, एका हातात शंख, खालची वीट, हे दाखवावंच लागतं.

सरळमार्गी | ठाणे

सगळे हातकामाच्या आरत्या ओवाळताय, म्हणून विरोधी पक्षाचं काम करतो. सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर कोरलेली मूर्ती काय वाईट? लाकूड तेच, नाक सरळ, दोन्ही डोळे एका रेषेत, किंमत निम्म्याहून कमी. मध्यमवर्गीयाने देवघरात मूर्ती ठेवायची की कारागिरांच्या पुनर्वसनाची जबाबदारी घ्यायची? पितळेच्या मूर्तीही साच्यातूनच येतात, तिथे कोणी विचारत नाही.

सिरसीकर | उत्तर कन्नड

यंत्राचं काम यंत्राचं म्हणून विका, भांडण नाही. 'हँडमेड' चिकटवून हातकामाच्या भावात विकता, तिथे भांडण आहे. हाताने महिनाभर बसणाऱ्याला गिऱ्हाईक म्हणतं, तिकडे तर एवढ्यात मिळतं. मग त्याचा मुलगा पटाशी कशाला धरेल?

पटाशी | नाशिक

आणि पितळेची तुलना जमत नाही. धातू ओतायचाच असतो, साचा हे त्या कामाचं हत्यारच आहे. त्यातही मेणाच्या साच्याची मूर्ती आणि कारखान्यातली यांत फरक आहेच.

ओळखायचं कसं, ते सांगतो, कारण मूळ प्रश्न तोच होता. फिरत्या पात्याला आत वळून कोरता येत नाही. त्यामुळे कानामागे, हाराच्या खाली, हनुवटीखाली जिथे खोल पोखरलेलं हवं, तिथे यंत्राचं काम उथळ आणि भरलेलं राहतं. आतले कोपरे गोलसर असतात, पटाशीचा कोपरा धारदार येतो. उजेड तिरका पाडून पाठ बघा : एकसारख्या अंतरावर बारीक समांतर ओळी दिसल्या तर यंत्र. हातकामाच्या पाठीवर पटाशीच्या टवक्यांच्या खुणा लहानमोठ्या असतात. मात्र आता बऱ्याच ठिकाणी ढोबळ आकार यंत्राने काढून चेहरा, दागिने हाताने करतात. ते मला गैर वाटत नाही, फक्त तसं सांगावं. लाकडाचा भुसा घालून ओतलेल्या राळेच्या मूर्ती मात्र निव्वळ बनवाबनवी. त्यांत लाकडाची रेष समोरून मागे सलग जात नाही, कडेला साच्याचा सांधा दिसतो.

निरांजनताई, खात्रीचा मार्ग एकच : अर्धवट झालेल्या कामाचे फोटो मागा. ठोकळा, आखणी, ढोबळ आकार, चेहरा. डोळे शेवटी कोरतात, तेव्हा जमलं तर तिथे जा.

सरळमार्गी | ठाणे

'यंत्राचं यंत्र म्हणून विका' हे मान्य. माझा मुद्दा एवढाच की यंत्राची मूर्ती पुजणाऱ्याला कमी लेखू नका.

पंचपात्र | वाई

कोणी लेखत नाही. श्लोकातल्या मनोमयी, म्हणजे मनातच कल्पिलेल्या मूर्तीला तर यंत्रही लागत नाही आणि पटाशीही.

मेलबर्नची_मावशी | ऑस्ट्रेलिया

परदेशात न्यायची असेल त्यांच्यासाठी. ऑस्ट्रेलियात लाकडी वस्तू आणताना विमानातल्या फॉर्मवर जाहीर करावीच लागते. साल राहिलेली नको, किडीची भोकं नकोत, जिवंत किडा तर नकोच. माझा शिसवी गणपती त्यांनी उलटासुलटा करून पाहिला आणि दिला. शंका आली तर धुरी किंवा किरणांची प्रक्रिया करायला लावतात, खर्च आपला. लपवलं तर दंड.

शिसव, शिसम ही सगळी डाल्बर्जिया जात 2017 पासून सायटिस या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारात आली, रक्तचंदन त्याआधीपासून आहे. एखादी मूर्ती सामानातून नेणं आणि पार्सलने मागवणं यांचे नियम वेगळे, पार्सल असेल तर विकणाऱ्याकडे निर्यातीचे कागद आहेत का विचारा. रक्तचंदनाच्या वाटेला जाऊच नये असं माझं मत.

आणि इथे हिवाळ्यात घरभर हीटर. गरम हवेच्या झरोक्यावर देवघर ठेवू नका. ओळखीच्यांच्या घरी सुंदर लाकडी दुर्गा कपाळापासून हनुवटीपर्यंत तडकलेली पाहिली आहे.

वऱ्हाडी_ठेचा | अकोला

आता माह्या मारुतीचं सांगा. जुना आहे, आजोबांच्या काळचा, लाकूड कोणतं माहीत नाही. चौरंगावर रोज सकाळी बारीक पीठ पडलेलं दिसते. अंगाला टाचणीएवढी भोकं. घरचे म्हणतात रॉकेल पाजा.

पटाशी | नाशिक

पीठ रोज नवं पडतंय म्हणजे अळी आत जिवंत आहे. ती बहुतेक सालीजवळच्या पांढऱ्या लाकडात असते, तिथे तिला पिष्ट मिळतं. म्हणूनच नवीन मूर्तीत पांढरं लाकूड राहू देऊ नये. रॉकेल नको : वास जात नाही, डाग पडतात आणि समोर निरांजन लावायचं असतं. रंग नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि डीप फ्रीजरमध्ये उणे 18 अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, आतबाहेर तापमान सारखं होऊ द्या. संग्रहालयांतही अशी थंडी देतात. मग भोकं मेणाने बुजवा. पुन्हा पीठ दिसलं तर अळी उरली असं समजायचं. शेंदराचा जाड लेप असेल तर मात्र हे करू नका, तडकेल. मग जाणकाराला दाखवा.

वऱ्हाडी_ठेचा | अकोला

मारुती फ्रीजरमध्ये! बायको आइस्क्रीम कुठं ठेवू म्हणते. पण करतो. शेंदूर नाही, नुसतं तेल पाजत होते.

पटाशी | नाशिक

तेलही बंद करा. खोबरेल खवट होतं, धूळ धरतं, काळपट चिकट थर बसतो. वर्षातून एकदा मधमाशीच्या मेणाचं बोट फिरवून मऊ कापडाने चोळा, पुरे. खाचांतली धूळ रंगाच्या मऊ ब्रशने. कुंकू थेट लाकडावर लावलं तर रेषांत मुरतं आणि निघत नाही. गंध-कुंकू विटेपुढच्या छोट्या पितळी पावलांना लावा. निरांजन, उदबत्ती, कापूर वीतभर लांब.

निरांजन | पुणे

एक शेवटची शंका, सासूबाईंची आहे. उद्या तडा गेलाच तर?

पंचपात्र | वाई

केसाएवढी चीर म्हणजे खंडित नव्हे. तोंड, हात, पाय असं अंग तुटलं तर खंडित. चीर त्याच लाकडाच्या भुशाने बुजवून घ्या, चिंता नको. अंगच मोडलं तर पुराणांतल्या जीर्णोद्धाराच्या विधीत दगडाची पाण्यात सोडतात आणि लाकडाची अग्नीला देतात, अग्निपुराणात तसं सांगितलंय. पुरीला पुरतात. पॉलिश नसलेली लाकडी मूर्ती मातीत मिसळून जाते, त्यामुळे झाडाच्या बुंध्याशी पुरलीत तरी कोणाला हरकत नसावी. पिंपळाखाली आणून ठेवू नका एवढंच, तिथे आधीच फ्रेमा आणि काचांचा ढीग असतो.

बांद्याची_बाय | सावंतवाडी तालुका

ह्या शेवटच्या वाक्याक माझो दुजोरो.

निरांजन | पुणे

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं : शिवण, नऊ इंच, मधला गाभा टाळलेला ठोकळा, कोपरातली फट आरपार नाही, रंग नाही, वरून फक्त मेण. सिरसीकरांनी व्यक्तिगत निरोप पाठवला आहे, गणपती आटोपले की सागरला जाऊन येणार. तोवर केळकर संग्रहालयातले कोरीव लाकडी दरवाजे बघून येते. काय मागायचं ते कळायला नजर तयार हवी ना. वाटेत सावंतवाडी आहेच.

एकच राहिलं. सासूबाईंनी अट घातली आहे की रखुमाई विठ्ठलापेक्षा फार लहान नको. काही जोड्यांत ती पाऊण उंचीची असते, ते त्यांना खटकतं. उंची सारखी ठेवली तर चालतं का?

सिरसीकर | उत्तर कन्नड

कारागिराला काही अडचण नाही, ठोकळे दोन वेगळेच असतात. फक्त विटा सारख्या उंचीच्या सांगा आणि दोन्ही ठोकळे एकाच फळीतून काढायला सांगा. नाहीतर लाकडाचा रंग पुढे दोघांचा वेगळा होत जातो. आणि कुरिअर नको, स्वतः घेऊन या. टोपाच्या टोकावर वजन येईल असं भरू नका, आडवी ठेवा, कापडात, प्लास्टिकमध्ये नाही.

पंचपात्र | वाई

पंढरपुरात रखुमाईचं देऊळच वेगळं आहे, तिथे कोणी उंची ताडून बघत नाही. सारखी ठेवा. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.